कुसाबाई आणि वर्तुळाचा शेवटचा तुकडा

आमच्या केंद्रातल्या स्वच्छ तंबूत शिरायचं असेल तर आधी कुसाबाई भोये यांच्यासमोर एक एक पाय उचलून दाखवावा लागायचा. बुटांवरचं निळं कापडी आवरण नीट बसलंय की नाही, हे त्या स्टुलावर बसून पाहायच्या. एकदा खुद्द संचालकांना त्यांनी परत पाठवलं. "सायेब, टाच उघडी हाय," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. संचालक निमूटपणे जाऊन दुसरं आवरण घालून आले.

हे केंद्र दिंडोरी रस्त्याने आत वळल्यावर, द्राक्षबागांच्या पलीकडे आहे. इमारत गोल. तिच्या पोटात काँक्रीटचा जाड बोगदा आणि बोगद्यातून फिरून स्वतःलाच येऊन मिळणारी एक स्टीलची नळी. या नळीतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. त्यांना वळवायला दोन्ही बाजूंनी चुंबकं लावलेली असतात. वळताना ते अतिशय तीव्र क्ष-किरण बाहेर टाकतात. त्या उजेडात शास्त्रज्ञ औषधाचा रेणू पाहतात, धातूतली न दिसणारी चीर पाहतात, दाण्याच्या आतला गाभा पाहतात. मी इथे प्रशासन आणि लेखा बघतो, वाणिज्य शाखेचा माणूस. मला हे सगळं आमच्या निर्वात विभागाच्या प्रमुख तृप्ती वाघचौरे यांनी समजावलं आणि त्यातलं जेवढं टिकलं तेवढं इथे लिहिलं आहे.

गेल्या दोन वर्षांपासून जुनं यंत्र बंद करून त्याच बोगद्यात नवं बसवायचं काम चालू होतं. बोगदा तोच, भिंती त्याच, पण चुंबकं नवी, जास्त आणि एकमेकांना खेटून. उजेड पूर्वीच्या शंभरपट तीव्र होणार होता. बोगद्याच्या छताच्या काँक्रीटच्या लाद्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या आणि वरून क्रेनने एकेक तुकडा आत सोडला जात होता. तुकडा म्हणजे टेम्पोएवढ्या लांबीची लोखंडी बैठक, तिच्यावर रांगेत बसवलेली चुंबकं आणि त्या सगळ्यांच्या मधून गेलेली नळी. कँटीनच्या भिंतीवर वर्तुळाचा नकाशा लावला होता. तुकडा बसला की तेवढा भाग हिरवा रंगवायचा. सुरुवातीला त्या नकाशाकडे कोणी पाहत नसे. अर्धं वर्तुळ हिरवं झालं तशी लोक चहा घेऊन तिथेच उभे राहू लागले. सुट्टीच्या दिवशी माळी, वॉचमन, ड्रायव्हर मुलांना घेऊन नकाशा दाखवायला येऊ लागले. दसरा जवळ आला तेव्हा एकच तुकडा पांढरा उरला होता.

कुसाबाईंनी हे केंद्र पायापासून पाहिलेलं. त्या सुरगाण्याकडच्या, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यातल्या. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, निघाली की पाड्यातली माणसं जीपने खाली यायची आणि पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाच्या कामाला लागायची. एका वर्षी मुकादमाने त्यांची टोळी बागेऐवजी आमच्या इमारतीच्या पायाला आणली. किरण बाहेर येऊ नयेत म्हणून बोगद्याच्या भिंतीला मुद्दाम जड दगडाचं काँक्रीट वापरलं होतं. ती घमेली कुसाबाईंनी वाहिली. टोळी परत गेली, या राहिल्या. नवरा नाथा गावी शेत बघतो, महिन्याकाठी येतो आणि केंद्राच्या फाटकाबाहेरच बसून राहतो, कारण आत आलं की बायको बूट तपासते, असं तो सांगतो.

सफाईच्या कामावरून त्यांना तंबूत घेतलं ते तृप्तीताईंनी. तंबू म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात पारदर्शक पडद्यांची खोली, गाळलेल्या हवेची. तिथे तुकड्याची अखेरची जोडणी होते. टोपी, झगा, हातमोजे घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. कुसाबाई तिथली फरशी, टेबलं, अवजारं पुसायच्या आणि दाराशी पहारा द्यायच्या. त्यांच्या गळ्यात निळं कार्ड होतं. हे कार्ड असेल त्यालाच तंबूत आणि बोगद्यात जाता येतं. त्या गावी जातानाही ते काढत नसत. सुरगाण्याच्या जीपमध्ये एकदा ड्रायव्हरने त्यांना पोलीस समजून पुढची सीट दिली, हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं असेल.

"भाऊसाहेब," त्या मला म्हणायच्या, "शेवटचा तुकडा बसंल तवा मी आत असणार. पाया खंदताना व्हते, तोंड बंद करताना बी असणार. मंग एकदा चालू झाल्यावर आत कोन जातंय?"

ते खरं होतं. बोगदा बंद झाला की आत किरण. मग आत जायला परवानगी नाही, कारणही नाही. त्या दिवसासाठी बाई जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये पूजा होते. लेथ, ड्रिल, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. क्रेनवाले रहेमानभाई जुन्या नाशकातले, भद्रकालीच्या मागे राहणारे. ते दरवर्षी सकाळीच जाऊन स्वतः फुलं आणतात आणि क्रेनच्या हुकाला माळ बांधतात. यंदा तृप्तीताईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, तंबूत पूजा नाही. फूल नाही, उदबत्ती नाही, काही नाही.

कुसाबाई दारात स्टूल टाकून बसल्या. हातात ताट घेऊन आलेल्या दोन फिटरना त्यांनी बाहेरूनच परतवलं.

"कुसाबाई, तुमच्या तंबूला एक माळ तरी लावू द्या," रहेमानभाई म्हणाले. "बिचारा उघडाबोडका दिसतो."

"तुझ्या हुकाला लाव. हुक काय खोकत नाय."

"म्हणजे तुकडा खोकतो?"

"धूळ गेली की खोकंलच. तुला काय कळायचं. लोखंड उचलून उचलून डोकं लोखंडाचं झालंय तुझं."

सगळे हसले. तंबूत फूल काय, पाकळीसुद्धा गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा तुकडा उचलायचा होता. अख्खं केंद्र हॉलमध्ये जमलं. हॉलच्या वरच्या गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. मी एका खांबाला टेकून होतो. तुकडा तंबूतून ट्रॉलीवर बाहेर आणला, नळीची दोन्ही तोंडं चकचकीत फॉइलने झाकलेली. रहेमानभाईंनी पट्टे चढवले. कुसाबाई झगा घालून, कार्ड गळ्यात, ट्रॉलीच्या बाजूला उभ्या. चेहऱ्यावर वरबापासारखा रुबाब.

उचलण्याआधी तृप्तीताई सगळ्यांशी बोलतात, तो नियमच आहे. कोण कुठे उभं राहील, इशारा कोण देईल. त्या दिवशी गर्दी पाहून त्या थोडं जास्त बोलल्या.

"या नळीत आपण काय ठेवणार आहोत माहीत आहे का? काहीच नाही. आपण फक्त घाण काढत नाही. हवासुद्धा काढून घेतो. इलेक्ट्रॉनला वाटेत काही म्हणजे काहीही भेटायला नको. धुळीचा एक कण आडवा आला तरी ते विखुरतात. आपण इतकी वर्षं काय बांधलं, तर एक रिकामी जागा बांधली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इशारेवाल्याने हात वर केला, पट्टे ताणले गेले, तुकडा ट्रॉलीवरून सुटला आणि छातीएवढा वर आला.

क्रेनच्या कामात एक नियम आहे. वर-खाली, उजवं-डावं हे फक्त इशारेवालाच सांगू शकतो. पण 'थांब' हा इशारा कोणीही देऊ शकतो आणि तो पाळावाच लागतो. कुसाबाईंनी दोन्ही हात आडवे पसरले.

रहेमानभाईंनी तुकडा जागच्या जागी थांबवला.

"रहेमानभाऊ, खाली घे," कुसाबाई म्हणाल्या.

"काय झालं, मावशी?" तृप्तीताई पुढे आल्या. "पट्टा सरकला का?"

"पट्टा बरोबर हाय. आत नागली हाय."

तृप्तीताईंना कळेना. "कशाच्या आत?"

"नळीच्या. परवा मीच टाकली. चिमूटभर."

गॅलरीतून कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तुकडा हळूच खाली आला.

त्यांच्या पाड्यात नवं जातं बसवलं की दळायला सुरुवात करण्याआधी त्याच्या तोंडात नव्या नागलीची चिमूट टाकतात. पहिला घास. त्याशिवाय जातं फिरवायचं नाही. हे यंत्रही गोल, हेही फिरणारं, आणि त्याचा हा शेवटचा तुकडा. नाथाने नुकतीच घरची नवी नागली आणून दिली होती. खंडेनवमीला दुपारी सगळे जेवायला गेल्यावर कुसाबाईंनी झगा घातला, मोजे घातले, फॉइलची एक कड उचलली, घास दिला आणि फॉइल होती तशी दाबली.

"मी सांगितलं होतं ना, तंबूत पूजा नाही म्हणून," तृप्तीताईंचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता.

"पूजा कुठं केली? कुंकू नाय, फूल नाय. घास दिला. तुमी मला घाण नको, धूळ नको, केस नको म्हनाल्या. नागली काय घाण हाय? धुऊन, वाळवून आनली व्हती." मग त्या म्हणाल्या, "आत काहीच नको, हे आज कळलं. मला वाटायचं, कायतरी घालायलाच एवढं घासतो आपन."

तंबूच्या दारावरच्या सूचना मी नंतर पाहिल्या. घाणीबद्दल सगळं होतं, रिकामेपणाबद्दल काही नव्हतं.

पण दुसरा एक नियम होता आणि तो स्वच्छ होता. बाहेरची वस्तू नळीत गेली तर नेणाऱ्याचं कार्ड रद्द. तृप्तीताईंनीच तो केला होता. त्यांनी हात पुढे केला. कुसाबाईंनी कार्ड काढून दिलं आणि झगा काढायला तंबूकडे वळल्या. मग आठवण होऊन थांबल्या, आता तंबूतही जाता येत नव्हतं. त्यांनी झगा तिथेच काढून घडी घातली.

बोगदा बंद व्हायला फार दिवस नव्हते आणि बाई बाहेर होत्या.

दाणे काढायचं काम निर्वात विभागातल्या अमोल या तरुण इंजिनिअरकडे आलं. लांब वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा, तो नळीत सरकवायचा आणि पडद्यावर पाहायचं. नागलीचा दाणा मोहरीएवढा, गोल. तुकडा ट्रॉलीवरून हलल्यामुळे दाणे पार आतपर्यंत गेले होते. पडद्यावर स्टीलच्या चकाकीत एकदम तांबडा दाणा दिसायचा आणि पाहणारे ओरडायचे. अमोल एकेक दाणा चिमट्याने ओढून काढायचा.

"पण सगळे निघाले हे कसं समजणार?" तृप्तीताईंनी विचारलं. नळी धुऊन भट्टीत तापवायची होती, आणि एखादा दाणा राहून करपला तर आत काजळी धरली असती.

अमोल बाहेर व्हरांड्यात कुसाबाईंकडे गेला. "मावशी, एक चिमूट म्हणजे किती?"

"चिमूट म्हंजी चिमूट."

"आकडा सांगा ना."

"घास देताना कोन मोजतं रे? तुझ्या आईने तुला मोजून भरवलं का?"

शेवटी त्याने त्यांच्याच पिशवीतली नागली मागवली, कोरा कागद पसरला आणि त्यांना पुन्हा पुन्हा चिमूट घ्यायला लावली. दर वेळी तो कागदावरचे दाणे मोजायचा. दर वेळी चार-दोन इकडेतिकडे, पण फार नाही. पाहायला गर्दी जमली. रहेमानभाई डबा घेऊन तिथेच बसले.

"वा," ते म्हणाले, "एवढा सरकारी पैसा, एवढी मशिनरी, आणि सायन्टिस्ट लोक नागली निवडतायत."

"तू गप खा," कुसाबाई म्हणाल्या. "माझा हात चुकंल."

अमोलच्या हिशेबाने अजून काही दाणे आत असायला हवे होते. तो पुन्हा कॅमेरा घेऊन बसला. नळीच्या एका टोकाला भात्यासारखा घड्या-घड्यांचा जोड असतो, गरम झाल्यावर नळीला लांब व्हायला जागा मिळावी म्हणून. त्या घड्यांत दाणे बसले होते, एकाला एक चिकटून. ते निघाले आणि मोजणी जुळली, तेव्हा व्हरांड्यापर्यंत आरोळी ऐकू आली. कुसाबाई उठून उभ्या राहिल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

मग सगळ्या नळीचं पुन्हा धुणं, पुन्हा तापवणं, पुन्हा जोडणी. दिवाळी त्यातच गेली. काही जणांनी रजा मागे घेतल्या आणि ते कुसाबाईंशी बोलेनासे झाले. सफाईच्या ठेकेदाराने बाईंना कामावरून काढतो म्हणून निरोप पाठवला. मी तो तृप्तीताईंना दाखवला.

"काढू नका म्हणावं," त्या म्हणाल्या. "त्या गप्प राहिल्या असत्या तर आपण तुकडा बसवून छत बंद केलं असतं. मग सगळं उचकटावं लागलं असतं. उद्या दुसऱ्या कोणाच्या हातून चूक होईल. त्याने सांगावं असं वाटतं ना आपल्याला?"

"मग कार्ड?"

"कार्ड वेगळं. ते प्रशिक्षण पुन्हा करून, परीक्षा देऊनच मिळेल. माझं गेलं असतं तरी मला तसंच."

त्या दिवसांत कुसाबाई हॉलच्या बाहेरचा व्हरांडा पुसायच्या आणि दाराशी बसायच्या. अधिकार काही नव्हता, तरी येणारे-जाणारे सवयीने पाय उचलून दाखवायचे. त्याही बघायच्या. कधी कधी मान हलवायच्या आणि माणूस परत फिरायचा.

प्रशिक्षणाची पुढची तुकडी बाहेरून आलेल्या संशोधकांची होती. त्यांच्यात या एकट्या नऊवारीत. लिहायचं जमत नव्हतं म्हणून अमोलने तोंडी परीक्षा घेतली. मी साक्षीला होतो.

"तंबूत बाहेरचं काय नेता येतं?"

"काय बी नाय."

"हातमोजे?"

"ते तंबूचेच हायेत. बाहेरचे नाय."

"नळीत काय असायला पाहिजे?"

"काहीच नाय. हवा बी नाय."

"आणि नळीत काय घालता येतं?"

कुसाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझा कॅमेरा. तो बी मी पुसून दिल्यावर."

अमोलने पास केलं. नव्या कार्डावरचा त्यांचा फोटो हसरा आला, तो त्यांना पसंत नव्हता.

थंडी पडली होती, बागांत द्राक्षं भरू लागली होती, तेव्हा शेवटचा तुकडा दुसऱ्यांदा हुकाला लागला. गॅलरीत पुन्हा गर्दी. या वेळी कुसाबाई ट्रॉलीपाशी नव्हत्या, बोगद्यात उतरलेल्या चौघांत होत्या. वरून आम्हाला त्यांची टोपी तेवढी दिसत होती. तुकडा छताच्या उघड्या जागेवर आला, थांबला, हळूहळू खाली उतरू लागला. दोन्ही बाजूंच्या तुकड्यांपासून जेमतेम हात जाईल एवढी फट. रहेमानभाई श्वास रोखून दांडा हलवत होते. खालून अमोलचा आवाज, थोडं डावीकडे, आणखी थोडं, बस. लोखंडी बैठक खाली टेकल्याचा ठक्क आवाज आला तेव्हा माझ्या शेजारचा वयस्कर वॉचमन माझा दंड धरून उभा होता, ते मला नंतर कळलं.

फॉइल काढून तोंडाला तोंड जोडलं. बोल्ट कसले. पंप लागले आणि आतली हवा जाऊ लागली. मोजमापाचा आकडा खाली येत होता आणि कँटीनमधले, वर्कशॉपमधले, सगळे जण येऊन विचारत होते, किती झालं, किती झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्तीताई पडद्यासमोर बसल्या होत्या आणि हसत होत्या. नळी रिकामी झाली होती.

त्या आठवड्यात छताच्या लाद्या परत बसल्या. आता उरलं होतं बोगद्याचं दार. ते लावण्याआधी एक शोधफेरी करतात. दोन कार्डवाले आत जातात, सबंध वर्तुळ पायी फिरतात, प्रत्येक कोपरा, प्रत्येक बैठकीखालची जागा पाहतात आणि ठरावीक ठिकाणची बटणं दाबत येतात. आत कोणी राहिलेलं नाही याची खात्री झाल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही. त्या दोघांनंतर आत कोणी नाही.

तृप्तीताई तयार होत्या. अमोल त्यांच्यासोबत जायला पुढे झाला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "मावशी, चला."

"मी?"

"तुम्ही. वाकून बघायला तुमच्याइतकं कोणी बघत नाही."

कुसाबाईंनी पदर खोचला आणि आत गेल्या. आम्ही दाराशी उभे होतो, मी, रहेमानभाई, अमोल, आणखी बरेच. पहिलं बटण दाबलं गेलं आणि वरचा दिवा पिवळा झाला. आतून त्यांची हाक आली, "कोनी हाय का?"

पुन्हा हाक, जरा लांबून. मग आणखी लांबून. काँक्रीटच्या त्या वळणात आवाज घुमत होता आणि दूर जात होता. नंतर काहीच ऐकू येईना. रहेमानभाई एका बाजूच्या वळणाकडे बघत होते, मी दुसऱ्या.

"आला," अमोल म्हणाला.

दुसऱ्या बाजूने, अगदी बारीक, हाक ऐकू आली. मग जवळ. मग स्पष्ट. कुसाबाई तृप्तीताईंच्या पुढे चालत होत्या, प्रत्येक चुंबकापाशी थांबून खाली वाकत होत्या. दाराशी आल्यावर त्यांनी शेवटचं बटण स्वतः दाबलं आणि बाहेर पाऊल टाकलं. भोंगा वाजू लागला. जाड दार सरकत येऊन भिंतीला मिळालं आणि वरचा दिवा लाल झाला.

त्यांना धाप लागली होती. चेहरा घामाने ओला, डोळे चमकत होते.

"सगळं बघितलं," त्या आम्हाला सगळ्यांना मिळून म्हणाल्या. "आत कोनी नाय. सोडा आता तुमचं काय सोडायचं ते."